मूत्रपिंड निकामी होताना : उपचाराचा मार्ग वेळेवर निवडा

(छत्रपती संभाजीनगर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मूत्रपिंडाच्या आजारावरील उपचारांविषयी बोलावयाचे तर ते डॉक्टरांच्या परिषदेत बोलावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. तरीही आज हा विषय मी आपल्यासमोर मांडत आहे, याला कारण आहे. खेड्यातील एखाद्या माणसाला ‘आता डायलिसिस करावे लागेल’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्या घरची माणसे गावातील ज्या चार जाणत्यांकडे धाव घेतात, ते जाणते आपणच आहात. शिधापत्रिकेच्या कामासाठी ती सरपंचांकडे येतात, दाखल्यासाठी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येतात, रुग्णालयाचा कागद वाचून घेण्यासाठी गुरुजींकडे येतात आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतात : ‘आता काय करायचे?’

या प्रश्नाचे अंतिम उत्तर डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे. परंतु उत्तरे एकाहून अधिक आहेत, त्यांतील प्रत्येकाला पूर्वतयारी लागते आणि ती तयारी काही महिने आधी सुरू व्हावी लागते, एवढे जरी त्या घराला वेळेवर कळले, तरी पुष्कळ अनर्थ टळतो. धाप लागलेल्या, अंगावर सूज आलेल्या अवस्थेत मध्यरात्री शहरात आणलेल्या रुग्णापुढे निवड अशी उरतच नाही. जे हाताशी असेल ते करावे लागते. माझ्या आजच्या भाषणाचा सारा रोख या एकाच गोष्टीवर आहे.

मूत्रपिंडांचे कार्य

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या भागात, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील उपयुक्त भाग शरीर पुन्हा शोषून घेते आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये काढून टाकणे, पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, रक्तदाब आवाक्यात ठेवणे, नवे रक्त तयार होण्यास चालना देणारे संप्रेरक निर्माण करणे आणि हाडांच्या बळकटीसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही सर्व कामे हे दोन लहानसे अवयव अहोरात्र करीत असतात.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर केवळ लघवीच कमी होते, असे नाही. रक्त कमी होते, हाडे दुखतात, भूक जाते, मळमळते, अंगाला खाज सुटते, पायांवर व चेहऱ्यावर सूज येते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचून श्वास अडखळतो. रक्तातील पोटॅशियम वाढले, तर हृदय एकाएकी थांबण्याचाही धोका असतो. डायलिसिसने यांतील सफाईचे व पाणी काढण्याचे काम बऱ्याच अंशी होते. उरलेल्या कामांसाठी औषधे व इंजेक्शने चालू ठेवावीच लागतात.

चोरपावलांनी येणारा आजार

दीर्घकाळच्या मूत्रपिंडविकाराची सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. त्याखेरीज मुतखड्यामुळे वर्षानुवर्षे राहिलेला अडथळा, मूत्रपिंडांची सूज, काही आनुवंशिक विकार आणि अंगदुखीच्या गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन हीही कारणे आढळतात. दिवसभर उन्हात राबणारा माणूस संध्याकाळी दुकानातून गोळी आणून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. वर्षानुवर्षे असे चालले, तर त्याची किंमत मूत्रपिंडे मोजतात.

हा आजार दुखत नाही. मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक शक्ती गेली, तरी माणूस हिंडता-फिरता असतो. म्हणून लक्षणांची वाट पाहणे धोक्याचे ठरते. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने, अशा दोन साध्या तपासण्यांनी हा आजार फार आधी कळू शकतो. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने या तपासण्या वर्षातून निदान एकदा करून घ्याव्यात. वेळीच कळले, तर रक्तदाब व साखर यांवर नियंत्रण ठेवून आणि योग्य औषधे घेऊन डायलिसिसची वेळ अनेक वर्षे पुढे ढकलता येते; कित्येकांच्या बाबतीत ती येतही नाही.

क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून डॉक्टर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढतात. ढोबळ मानाने तिला टक्केवारी समजण्यास हरकत नाही. हा आकडा ३० च्या खाली गेला की आजार चौथ्या टप्प्यात आला आणि १५ च्या खाली गेला की पाचव्या, म्हणजे अखेरच्या टप्प्यात आला, असे मानतात. यांतील ३० हा आकडा आपण विशेष लक्षात ठेवावा, कारण पुढील मार्गाचा विचार तेथून सुरू व्हावयास हवा.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. तयारी लवकर करावयाची म्हणजे डायलिसिस लवकर सुरू करावयाचे, असे नव्हे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, केवळ आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केलेल्या रुग्णांचे आयुर्मान, लक्षणे दिसेपर्यंत काळजीपूर्वक थांबलेल्या रुग्णांपेक्षा वाढले नाही, असे दिसून आले. तात्पर्य, तयारी आधी करावी आणि प्रारंभ योग्य वेळी करावा.

पहिला मार्ग : यंत्रावरील रक्तशुद्धी

आपल्याकडे ‘डायलिसिस’ म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, ते हीमोडायलिसिस होय. रुग्णाचे रक्त नळीवाटे यंत्राकडे नेतात. तेथे केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंच्या गाळणीतून ते वाहते. तंतूंच्या बाहेरून शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेला द्रव उलट दिशेने वाहत असतो. टाकाऊ द्रव्ये त्या द्रवात उतरतात, जादा पाणी खेचून घेतले जाते आणि स्वच्छ झालेले रक्त शरीरात परत जाते. एका वेळेस सुमारे चार तास लागतात. आठवड्यातून तीन वेळा हा उपचार घेणे हे सामान्यतः योग्य प्रमाण मानले जाते. पैशांच्या व प्रवासाच्या अडचणीमुळे आपल्याकडे अनेक रुग्ण दोनच वेळा येतात, ही वस्तुस्थिती आहे.

या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळीचा वापर करून फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. त्या यंत्रामुळे पहिला जीव वाचला तो १९४५ मध्ये. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळे हा उपचार थोड्या दिवसांपुरताच करता येई. १९६० मध्ये अमेरिकेत डॉ. स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येईल अशी नळी बसविली आणि १९६६ मध्ये डॉ. ब्रेशिया व डॉ. चिमिनो यांच्या गटाने ‘फिस्टुला’ची पद्धत मांडली. तेव्हा कोठे हा उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवणे शक्य झाले.

फिस्टुला म्हणजे हातातील धमनी व शीर यांना लहानशा शस्त्रक्रियेने जोडणे. जोडल्यावर ती शीर हळूहळू फुगते, जाड होते आणि वारंवार सुई टोचून घेण्यास योग्य बनते. याला सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. वेळेवर निवड करण्याचे महत्त्व येथे सर्वांत स्पष्ट दिसते. फिस्टुला तयार नसलेला रुग्ण तातडीने आणला गेला, तर मानेतील मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. ती नळी प्राण वाचविते, परंतु तिच्यावाटे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो.

म्हणून ज्याचे मूत्रपिंड अशक्त झाल्याचे कळले आहे, त्याने एका हाताच्या शिरा आतापासूनच राखून ठेवाव्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा हात राखावा. त्या हातातून तपासणीसाठी रक्त देऊ नये, त्यात सलाईन लावून घेऊ नये. गावातील दवाखान्यात आपण होऊन तसे सांगावे. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, तो हात उशाखाली घेऊन झोपू नये आणि रोज बोट ठेवून तेथील थरथर चालू आहे ना, हे पाहावे. थरथर थांबली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या रुग्णाला खाण्यापिण्याची बंधने बरीच पाळावी लागतात. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत साचणारे पाणी बेताचे राहावे, म्हणून पाणी, चहा, ताक, आमटी हे सर्व मोजून घ्यावे लागते. लोणचे, पापड व वरून घेतलेले मीठ वर्ज्य करावे लागते, कारण मिठामागून तहान येतेच. केळी, शहाळ्याचे पाणी व सुका मेवा यांत पोटॅशियम अधिक असते. त्याचे प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे. काविळीच्या ‘ब’ प्रकारावरील लसही आधीच घेतलेली बरी.

पाणी आणि अंतर

मराठवाड्यात राहणाऱ्यांनी या मार्गाच्या दोन बाजू विशेष समजून घ्याव्यात. पहिली पाण्याची. यंत्रात मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांचा हिशेब केला, तर एका वेळेस १२० लिटर शुद्ध पाणी लागते. माणसाला दोन महिने पिण्यास पुरेल एवढे हे पाणी आहे. नळाचे वा टँकरचे पाणी थेट वापरता येत नाही. ते अनेक गाळण्यांतून शुद्ध करावे लागते आणि त्या शुद्धीकरणात आणखी पुष्कळ पाणी बाजूला पडते. हे बाजूला पडलेले पाणी फरशी धुण्यास, स्वच्छतागृहांस व झाडांस वापरता येते, ही गोष्ट रुग्णालये चालविणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

पैठणच्या नाथसागरातून पाणी चढवून आणणाऱ्या आणि गेली अनेक वर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येण्याचा अनुभव घेतलेल्या या शहरात १२० लिटर म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हेही आपण विसरलेलो नाही. टंचाईच्या काळात पिण्याचे पाणी, जनावरांचे पाणी यांचा आराखडा आपण करतो. त्या आराखड्यात डायलिसिस केंद्राचे पाणी हे एक स्वतंत्र कलम असावे, अशी माझी उपस्थित अधिकाऱ्यांना विनंती आहे.

दुसरी बाजू अंतराची. समजा, कन्नड तालुक्यातील एक रुग्ण साठ किलोमीटर अंतरावरून आठवड्यातून तीनदा शहरात येतो. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, वर्षाला १५६ फेऱ्या, म्हणजे वर्षाकाठी १८ हजार ७२० किलोमीटर. त्याच्यासोबत घरचे एक माणूस येते, म्हणजे दोघांचा रोजगार बुडतो. डायलिसिस विनामूल्य झाले, तरी हा प्रवास विनामूल्य होत नाही. पहिल्या उमेदीत हे जमते. पुढे पेरणी येते, पाऊस येतो, घरातील लग्न येते आणि एखादी फेरी चुकते. उपचार सोडून देण्याची सुरुवात बहुधा अशीच होते. म्हणून आपल्याला सर्वांत जवळचे केंद्र कोणते, जिल्हा वा उपजिल्हा रुग्णालयात सोय आहे काय आणि तेथे जागा मिळेल काय, याची चौकशी आधीच करून ठेवली पाहिजे.

दुसरा मार्ग : पोटाच्या पडद्यातून डायलिसिस

आपल्याकडे कमी ज्ञात असलेला दुसरा मार्ग म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. पोटातील आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. याच पडद्याचा गाळणी म्हणून उपयोग करावयाचा, ही या पद्धतीची कल्पना. बेंबीच्या खाली एक मऊ नळी शस्त्रक्रियेने कायमची बसवितात. तिच्यावाटे सुमारे दोन लिटर निर्जंतुक द्रावण पोटात सोडतात, ते चार-सहा तास तेथे राहते, टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी त्यात उतरते. मग ते काढून टाकून नवे द्रावण भरतात. हे काम दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. मधल्या काळात रुग्ण आपली नेहमीची कामे करू शकतो. डॉ. पोपोविच व डॉ. मॉन्क्रीफ यांनी ही सतत चालणारी पद्धत अमेरिकेत १९७६ मध्ये मांडली आणि भारतात १९९१ पासून ती वापरात आहे.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. हा उपचार घरी होतो, त्यामुळे शहराच्या फेऱ्या महिन्या-दोन महिन्यांतून एखादी उरते. हाताने करावयाच्या पद्धतीला यंत्र लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. द्रावण कारखान्यातून तयार येते, त्यामुळे गावच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. सफाई रोज व सावकाश होत असल्याने अशक्त हृदयाच्या रुग्णांना ती अनेकदा अधिक मानवते, खाण्यापिण्याची बंधने थोडी सैल होतात आणि मूत्रपिंडांत उरलेली थोडीफार शक्ती अधिक काळ टिकते. दोन्ही पद्धतींच्या रुग्णांचे आयुर्मान एकंदरीत सारखेच आढळते.

परंतु दोषही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. पिशवी बदलताना हात नीट धुतले नाहीत, जागा स्वच्छ नसली, तर पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग होतो. बाहेर आलेले द्रावण गढूळ दिसणे ही त्याची पहिली खूण होय. सोबत पोटात दुखते, ताप येतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता उपचार घ्यावे लागतात. द्रावणात साखर असते, त्यामुळे मधुमेह्यांची औषधे बदलावी लागतात. प्रथिने द्रावणासोबत निघून जातात, म्हणून डाळी, अंडी, दूध यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावे लागते. पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना हा मार्ग मानवेलच असे नाही. शिवाय महिन्याला नव्वद ते एकशे वीस पिशव्या लागतात. त्या वेळेवर पोचल्या पाहिजेत, त्या ठेवण्यास कोरडी जागा पाहिजे आणि त्यांचा खर्च कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

या अडचणी दूर होऊ शकतात, हे इतर देशांनी दाखविले आहे. हाँगकाँगने १९८५ पासून या पद्धतीला पहिली पसंती दिली. थायलंडने २००८ मध्ये सार्वजनिक आरोग्य योजनेतून हेच धोरण स्वीकारले आणि दूरच्या खेड्यांत घरपोच पिशव्या देण्याची व्यवस्था केली. पुढे २०२२ मध्ये तेथे रुग्णाला दोहोंतून निवड करण्याची मुभा मिळाली. आपल्या देशातही २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात आरंभी केवळ यंत्रावरील डायलिसिस होते. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडील बहुतेक रुग्णांपुढे हा पर्याय मांडलाच जात नाही. तेव्हा तो रुग्णाने आपण होऊन विचारावा.

तिसरा मार्ग : मूत्रपिंड प्रतिरोपण

ज्याची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी आहे, त्याला प्रतिरोपण हा सर्वांत चांगला मार्ग होय. त्यामुळे आयुष्य वाढते, कामधंदा पूर्ववत करता येतो आणि डायलिसिसच्या फेऱ्या संपतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये या दिशेने पहिला प्रयत्न झाला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये तो यशस्वी झाला. आज आपल्या शहरातही ही शस्त्रक्रिया होते. प्रतिरोपणानंतर मात्र शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये, यासाठीची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ती एकदाही चुकवून चालत नाही.

१९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला आहे. आई-वडील, मुले, भावंडे व पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक देणगी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचाही त्यात समावेश झाला. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिल्यास तिचे अवयवही मिळू शकतात. त्यांच्या न्याय्य वाटपासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रतिरोपण समन्वय केंद्रे आहेत. पात्र रुग्णाचे नाव रुग्णालयामार्फत तेथील प्रतीक्षायादीत वेळेवर नोंदविले जाणे महत्त्वाचे आहे.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांचेच प्रमाण अधिक आहे. आणि डायलिसिसच्या खाटांवर मात्र पुरुषांच्या मानाने स्त्रिया कमी दिसतात. देणाऱ्यांत पुढे आणि घेणाऱ्यांत मागे, ही स्थिती आपल्या समाजाला भूषणावह नाही. घरातील स्त्री आजारी पडली म्हणजे तिच्या उपचाराचा विचार तितक्याच तातडीने होतो काय, हे गावातील वडीलधाऱ्यांनी विचारले पाहिजे.

चौथा मार्ग : डायलिसिस न करणे

हा मार्ग ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु फार वृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या आणि हृदय वा मेंदूच्या इतर गंभीर आजारांनी जर्जर झालेल्या रुग्णाला डायलिसिसमुळे मिळणारा जादा काळ थोडा आणि त्यातील यातना अधिक, असे होऊ शकते. अशा वेळी सूज, मळमळ, खाज, धाप व वेदना यांवर औषधे देऊन, त्याला घरच्या माणसांत, आपल्या अंगणात ठेवणे हाही रीतसर वैद्यकीय उपचारच आहे. हा निर्णय रुग्णाची स्वतःची इच्छा विचारून, डॉक्टरांशी सविस्तर बोलून घ्यावयाचा असतो. खर्च परवडत नाही म्हणून उपचार सोडणे ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि या दोहोंत गल्लत होऊ देता कामा नये. असा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला गावाने ‘म्हाताऱ्याला टाकून दिले’ असे म्हणू नये.

निवड कशी करावी

समजा, शहरात केंद्राजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची दृष्टी अधू आहे आणि हात थरथरतात. त्यांना घरी पिशव्या बदलणे कठीण; केंद्रातील यंत्रावरचे डायलिसिसच सोयीचे. याउलट वैजापूर तालुक्यातील एखादी शिकलेली तरुण माता आहे. घरी लहान मुले आहेत, एक स्वच्छ खोली आहे. तिला पोटाचे डायलिसिस घर न सोडता करता येईल. आणि तिशीतील एखादा शेतकरी, ज्याची बहीण वा आई देणगीस तयार व योग्य आहे, त्याने डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच प्रतिरोपणाची चौकशी करावी. आजार एकच, पण योग्य मार्ग तिघांचा तीन प्रकारचा.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना रुग्णाने व घरच्यांनी काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझी गाळण्याची क्षमता आज किती आहे, आणि ती किती वेगाने उतरत आहे? मला कोणकोणते मार्ग लागू आहेत, आणि एखादा लागू नसल्यास का नाही? फिस्टुला केव्हा करावा? घरी कोण मदत करणार? पाणी, वीज, जागा व वाहन यांची सोय काय? कोणता उपचार कोणत्या योजनेत बसतो? आणि एक मार्ग मानवला नाही, तर दुसरा घेता येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच असते. पुष्कळ रुग्ण आयुष्यात एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जातात.

खर्च व शासकीय साहाय्य

राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये सर्वत्र लागू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. डायलिसिस व मूत्रपिंड प्रतिरोपण यांचा तीत अंतर्भाव आहे. २०२३ च्या निर्णयानुसार प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत आणि मूत्रपिंड प्रतिरोपणासाठीची मर्यादा ४ लाख ५० हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेले असतात. शिधापत्रिका व ओळखीचा पुरावा घेऊन प्रथम त्यांना भेटावे.

आपल्या शहरातील १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो ते रुग्णालय, हा गरिबांचा मोठा आधार आहे. धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एस. टी. च्या प्रवास-सवलतींतही डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश आहे. त्याचे नियम आगारात विचारून घ्यावेत. या सर्व सवलतींत एक सूत्र समान आहे : कागद तयार असावे लागतात. शिधापत्रिकेवरील नाव चुकीचे असणे, उत्पन्नाचा दाखला नसणे अशा कारणांनी उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात, आणि ते वाचविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा, आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या सहकार्याने, गावातील मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची यादी करून त्यांची लघवी व क्रिएटिनिन यांची तपासणी झाली की नाही हे पाहावे. ज्यांचा आकडा उतरता आहे, त्यांची कागदपत्रे त्याच वेळी पूर्ण करून द्यावीत. एकाच भागातील दोन-तीन रुग्ण डायलिसिसला जात असतील, तर त्यांच्या वेळा जुळवून एका वाहनाची व्यवस्था करता येईल काय, याचा विचार व्हावा. शिक्षकांनी अंगदुखीच्या गोळ्यांचे दुष्परिणाम आणि रक्तदाब तपासण्याचे महत्त्व मुलांना सांगावे. मुलांच्या तोंडून ते घरोघर पोचते. रोजगार हमीच्या कामावर वा शेतात राबणाऱ्यांना सावली व पिण्याचे पाणी मिळते ना, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे. यांतील कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही.

मित्रहो, मूत्रपिंड निकामी होणे म्हणजे आयुष्य संपणे, अशी एके काळी स्थिती होती. आज ती राहिलेली नाही. डायलिसिसवर राहून शाळेत शिकविणारी, दुकान चालविणारी, नातवंडांना अंगाखांद्यावर खेळविणारी माणसे आपल्या आसपास आहेत. परंतु हा लाभ ज्याला आधी कळले, त्यालाच पुरता मिळतो. उद्या आपल्या दारी कोणी रुग्णालयाचा कागद घेऊन आला, तर त्याला धीर देण्याबरोबर दोन गोष्टी अवश्य विचारा : डॉक्टरांनी सर्व मार्ग समजावून सांगितले काय, आणि हाताच्या शिरा राखून ठेवल्या आहेत काय? या दोन प्रश्नांनी एखाद्या घराची पुढची कित्येक वर्षे सावरली जातील.